नवी पदवी सुरू करण्याआधी मैदानासह करायची तयारी

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे 1854 पासून चालत आलेले सीओईपी, 2022 मध्ये एकल, म्हणजे संलग्न महाविद्यालये नसलेले, विद्यापीठ झाले, तेव्हा बोलणे झाले ते पदव्या, अभ्यासक्रम आणि स्वायत्ततेविषयी. खेळाडूंच्या वाट्याला आलेला बदल माझ्या तरी कानावर फारसा आला नाही. संलग्न महाविद्यालयाचा खेळाडू आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकला की पुणे विद्यापीठाच्या संघातून पुढे खेळतो. विद्यापीठ स्वतंत्र झाले की पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांना त्याला स्वतःचा संघ उतरवावा लागतो आणि तो स्वतःच्याच मर्यादित विद्यार्थिसंख्येतून निवडावा लागतो. त्यामुळे ज्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला पदव्या वाढवायच्या आहेत आणि मैदानावरही टिकायचे आहे, त्याने ही दोन्ही कामे एकाच टिपणीवर घ्यावीत आणि पहिल्या बैठकीपासून क्रीडा संचालकांना समितीत बसवावे.

पहिले काम परवानग्यांचे आहे आणि ते कंटाळवाणे असले तरी पुढे ढकलू नये. प्रत्येक प्रस्तावित पदवीसमोर तिचे नियामक मंडळ लिहून काढावे: वास्तुकलेसाठी वास्तुकला परिषद, औषधनिर्माणासाठी औषधनिर्माणशास्त्र परिषद, शारीरिक शिक्षणाच्या बीपीएडसाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. बीबीए आणि बीसीए हे अभ्यासक्रम 2024-25 पासून एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत आले आहेत आणि राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी ही सामाईक प्रवेश परीक्षाही सुरू झाली आहे, हे जुन्या प्रस्तावांची नक्कल करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. विद्यापीठांना एआयसीटीईची पूर्वपरवानगी सक्तीची नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात दिला होता; पण त्याने मानके पाळण्याची जबाबदारी टळत नाही, त्यामुळे शिक्षकसंख्या, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांचा हिशेब आधीच मांडून ठेवावा. एनबीएच्या, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या, मानांकनासाठी साधारणपणे दोन तुकड्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडाव्या लागतात, म्हणून पहिल्या वर्षीच्या पालकांना मानांकनाचे आश्वासन देऊ नये.

चांगली कामगिरी असलेल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा 2024-25 पासून उठली आहे, त्यामुळे संगणकशास्त्राच्या आणखी दोन तुकड्या वाढवण्याचा मोह होतोच. डोकी त्याने वाढतात, हे खरे; पण सगळी डोकी एकाच वेळापत्रकात, एकाच प्रयोगशाळेच्या रांगेत उभी राहतात. वेगळ्या घडणीची पदवी, उदाहरणार्थ नियोजन, डिझाइन, व्यवस्थापन किंवा मूलभूत विज्ञान, वेगळ्या तालुक्यांतून आणि वेगळ्या आवडीची मुले-मुली आणते, आणि संघासाठी मला ती अधिक उपयोगी वाटते. खेळाडूंचा अंदाज बांधताना संशोधक विद्यार्थी मात्र मोजू नयेत, कारण आंतरविद्यापीठ स्पर्धांची वयोमर्यादा साधारण पंचविशीची असते आणि पीएचडीचे बहुतेक विद्यार्थी तिच्या पलीकडे गेलेले असतात.

यानंतरच्या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि ते म्हणजे वेळेचा हिशेब. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका वर्षाचे 40 श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे अध्ययनाचे सुमारे 1200 तास. प्रत्येकी 15 आठवड्यांची दोन सत्रे धरली, तर आठवड्याला 40 तास होतात. धावपटूचा सराव सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास, असा आठवड्यातून सहा दिवस चालतो असे धरले, तर त्यात 18 तासांची भर पडते आणि बेरीज 58 होते. यात शिवाजीनगरहून बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जाण्या-येण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही. चार वर्षांच्या पदवीचे 160 ते 176 श्रेयांक सत्रांमध्ये वाटताना हा आकडा समोर ठेवावा आणि वरच्या टोकाला जाण्याआधी प्रत्येक जादा श्रेयांकाचे समर्थन संबंधित अभ्यास मंडळाकडून लेखी मागावे.

मग भिंतीवर दोन दिनदर्शिका शेजारी लावाव्यात: एक परीक्षा विभागाची आणि दुसरी भारतीय विश्वविद्यालय संघाच्या स्पर्धांची. हिवाळी सत्राच्या परीक्षा आणि स्पर्धांचा हंगाम एकमेकांवर आदळतात, हे कोणत्याही क्रीडाशिक्षकाला ठाऊक असते. पण स्पर्धा राजस्थानात किंवा गुजरातमध्ये असली की प्रवासाचे दिवसही गैरहजेरीत जातात, याची नोंद मात्र कुठेच नसते. 75 टक्के उपस्थितीच्या नियमात हे दिवस कसे धरायचे आणि चुकलेली लेखी परीक्षा किती दिवसांत पुन्हा घ्यायची, हे विद्यापीठाच्या अध्यादेशातच लिहून विद्वत परिषदेकडून मंजूर करून घ्यावे. विभागप्रमुखांच्या चांगुलपणावर ते सोडू नये, कारण विभागप्रमुख बदलतात.

लेखी परीक्षेपेक्षाही अवघड प्रश्न प्रात्यक्षिकांचा असतो. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेत भालाफेक करणाऱ्या मुलीची बॅच गुरुवारी दुपारी दोन ते चार या वेळेत होती. स्पर्धेमुळे तिचे दोन गुरुवार गेले. दुसऱ्या बॅचबरोबर तिला बसू देण्यास प्रयोगशाळा साहाय्यकाची हरकत नव्हती, परंतु तशी लेखी सोय नसल्यामुळे जर्नलवर, म्हणजे प्रयोगवहीवर, सही करायला कोणी तयार होईना. पदक घेऊन आलेली मुलगी जर्नल छातीशी धरून आठवडाभर कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलेली मी पाहिली आहे. यावर उपाय साधा आहे: वेळापत्रक करतानाच प्रत्येक प्रयोगशाळेसाठी पंधरवड्यातून एक भरपाईची बॅच ठेवावी आणि तिथे केलेल्या प्रयोगावर त्याच दिवशी सही व्हावी.

प्रवेशाचा विचार करताना आयआयटी मद्रासचे उदाहरण अभ्यासावे. तिथे 2024-25 पासून प्रत्येक पदवीपूर्व अभ्यासक्रमात क्रीडानैपुण्यासाठी दोन जादा जागा आहेत आणि त्यांतील एक मुलींसाठी आहे. मात्र उमेदवाराला जेईई अ‍ॅडव्हान्स्डची पात्रता सुटत नाही. जागा पदवीगणिक असल्यामुळे पदव्या वाढल्या की खेळाडूंच्या जागाही वाढतात, ही या योजनेची खरी खुबी. राज्य विद्यापीठाला अशी तरतूद हवी असेल, तर शासन आणि सीईटी कक्ष यांच्याशी पत्रव्यवहार प्रवेशप्रक्रियेच्या बराच आधी सुरू करावा, आणि अशा विद्यार्थ्याला पहिल्या सत्राच्या गणितासाठी शिकवणी कोण देणार, त्या शिक्षकाचे नाव प्रस्तावातच घालावे.

मैदानाबाबत थोडक्यात सांगायचे तर आहे त्याची आधी मोजदाद करावी. सीओईपीच्या बोट क्लबला 1928 पासूनची परंपरा आहे, परंतु जुन्या क्लबलाही नदीतील जलपर्णीशी झगडावे लागतेच. म्हणून परंपरेच्या भरवशावर देखभालीचा खर्च अंदाजपत्रकातून वगळू नये. वसतिगृहाच्या मेसचा ठेका नूतनीकरणाला येतो तेव्हा सकाळी साडेसातला गरम नाश्ता आणि सरावाहून उशिरा येणाऱ्यांसाठी बाजूला काढून ठेवलेले जेवण, या दोन अटी त्यात घालाव्यात. मुलींच्या वसतिगृहाचे दार पहाटे साडेपाचला सरावासाठी उघडेल, असा आदेश अधीक्षकांकडून लेखी घ्यावा.

माहितीपुस्तिका छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी तिच्यातील प्रत्येक नव्या पदवीसमोर मंजुरीपत्राचा क्रमांक आणि दिनांक पेन्सिलीने लिहून पाहावा, आणि ज्या ओळीसमोर दिनांक लिहिता येत नाही ती ओळ काढून टाकावी. मुखपृष्ठावर धावपट्टीचे छायाचित्र असेल, तर ती धावपट्टी आपलीच आहे की भाड्याची, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.