गावरान पिल्लांची रक्ती हगवण: ओळख आणि उपचार

तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू पिसं फुगवून, डोळे मिटून, पंख खाली सोडून कोपऱ्यात उभं दिसलं की आधी त्याच्याखालचं तूस बघा. विष्ठेत ताजं लाल रक्त असेल तर बहुधा कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होणारी रक्ती हगवण. तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा अधूनमधून पडतेच. तिला घाबरू नका. मेलेलं पिल्लू उघडलं तर आतड्याच्या शेवटच्या दोन आंधळ्या पिशव्या रक्ताने टच्च फुगलेल्या दिसतात. हिरवट-पांढरी हगवण आणि मान वाकडी असेल तर संशय राणीखेत या विषाणूजन्य रोगाचा. तिथे खाली दिलेलं औषध चालत नाही.

खात्रीसाठी विष्ठा पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, पण उपचारासाठी थांबू नका. ॲम्प्रोलियम २० टक्के पावडर, एक लिटर पाण्यात १.२ ग्रॅम, पाच ते सात दिवस. द्रावण रोज ताजं करा, दुसरं पाणी ठेवू नका. औषध सगळ्या पिल्लांना पाण्यातूनच द्या, कारण आजारी पिल्लू खाणं सोडतं, पाणी मात्र पितं. अगदीच मलूल असेल तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब-थेंब सोडा. या दिवसांत जीवनसत्त्व बी-१ असलेलं टॉनिक बंद ठेवा. त्याने औषधाचा जोर मारला जातो.

खरं मूळ ओल्या तुसात असतं. उबदार ओलीत विष्ठेतून पडलेली या परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि साध्या फिनाईलने मरत नाहीत. भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढा, भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा.