नवी एमटीबी घेतलीत? रस्त्यावरच्या सायकलीच्या या सवयी सोडा

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सुट्टीच्या सकाळी नवीकोरी एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीची माउंटन बाइक घेऊन आलेलं कुणी ना कुणी भेटतंच. पहिल्याच मुरमाड उतारावर सायकल घसरते, मग हातात धरून खाली चालत न्यायची. ‘टायर चांगले नाहीत बहुतेक’ असं ऐकलं की मी आधी टायर अंगठ्याने दाबून बघते. बहुतेक वेळा तो दगडासारखा टणक लागतो.

हवा गच्च भरलेली बरी, ही आपली लहानपणापासूनची समजूत. डांबरी रस्त्यावर ती चालून जाते. सुट्या खडीवर मात्र टायर थोडा दबून पसरला तरच पकड मिळते. टणक टायर प्रत्येक दगडावरून उडतो. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही. वजन ७० किलोच्या आसपास, टायर २.२ इंची आणि आत ट्यूब असेल, तर पुढे २८ आणि मागे ३० पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) सुरुवात करा. मग एकेक पीएसआय कमी-जास्त करून आपला आकडा शोधा. त्यासाठी हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घरी हवाच. एक हेल्मेट सोडलं, तर सायकलीसोबत पहिली खरेदी याचीच करा. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा प्रकारचा असेल, तर पेट्रोल पंपावरची नळी त्याला बसत नाही, हेही आधीच बघून ठेवा.

हवा फार कमी झाली तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेमटते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या, की कारण हेच. एकच बारीक भोक असेल, तर बहुधा बाभळीचा काटा. तो काटा टायरमध्येच अडकलेला असतो आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. म्हणून ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने सगळीकडे पुसून घ्या. फडकं जिथे अडकेल, तिथे काटा.

दुसरी सवय सीटची. बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असं दुकानातही सांगतात. माझी पहिली सायकल अशीच लावून मिळाली होती आणि महिनाभर गुडघे दुखत होते. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली, की पाय सरळ व्हायला हवा. चढावर आणि सपाटीला ही उंची ठेवा. उतार लागला की थांबून सीट दोन-तीन इंच खाली घ्या, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून उभे राहा, गुडघे-कोपर सैल सोडा. उतारावर सीटवर बसून राहिलं, तर प्रत्येक धक्का थेट कमरेत जातो.

‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील’ हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. पण सायकल थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेकच करतो. नुसता मागचा दाबला, तर मागचं चाक अडकून फरफटतं आणि घसरणं तिथूनच सुरू होतं. मोकळ्या मैदानात एका बोटाने, हळूहळू दाब वाढवत पुढचा ब्रेक वापरायचा सराव करा. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका, वळणाआधी दाबा आणि सोडा. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळच्या डोंगरावर जुन्या सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. तो उतार संपेपर्यंत मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्या वाटेचं नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असं पडलं. आजच्या ब्रेकच्या चकत्या, म्हणजे डिस्कही तापतात, तेव्हा उतरल्यावर त्यांना हात लावू नका. डिस्कवर तेलाचा थेंबही नको. ब्रेक किंचाळू लागला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क पुसा. डिस्कला घासणाऱ्या ब्रेक-पॅडमध्ये तेल मुरलं असेल, तर सरळ नवे घाला.

चढावर दम लागल्यावर, पेडलवर पूर्ण जोर असतानाच गिअर बदलणं ही सगळ्यांचीच चूक. अशाने चेन उतरते, कधी तुटतेसुद्धा. चढ समोर दिसला, की आधीच हलका गिअर टाका आणि बदलताना क्षणभर पाय सैल सोडा. पहिल्या काही राइडनंतर गिअरची नवी केबल जरा सैल पडते आणि चेन मागच्या मोठ्या चक्रीवर चढायला कुरकुरते. केबल जिथे आत शिरते तिथली गोल चकती पाव-पाव फेरा डावीकडे फिरवून बघा, बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं. सायकल उजव्या बाजूवर पडली असेल आणि त्यानंतर सगळेच गिअर बिघडले असतील, तर स्क्रू फिरवत बसू नका. चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा डेरेलर ज्या छोट्या हँगरला टांगलेला असतो तो वाकला असणार. मेकॅनिककडून सरळ करून घ्या, नाहीतर एक दिवस डेरेलर आऱ्यांत जाईल.

चेनला ग्रीस फासू नका, धूळ चिकटून त्याची कानसच होते. प्रत्येक कडीवर चेनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि अर्ध्या तासाने बाहेरून कोरडी पुसून घ्या. गाडी धुतात त्या जोराच्या फवाऱ्याने सायकल धुतली, तर पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. बादली आणि जुना ब्रश पुरे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसल्यामुळे किती क्रँक (पेडल ज्यात बसतं ते दांडे) वाया जातात!

पावसाळ्यात टेकडीची माती मऊ असताना चाकाची चाकोरी पडते आणि पुढच्या सरीत तिचा ओहोळ होतो. दोन दिवस उघडीप मिळू द्या, मग जा. आणि समोरून चालणारे आजी-आजोबा आले, की आपण थांबून त्यांना आधी वाट द्यायची.