घोडेस्वार मेथडिस्ट प्रचारकाचा मार्ग नकाशावर कसा शोधावा

आधी मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या वार्षिक परिषदेच्या इतिवृत्तात प्रचारकाचं नाव आणि त्याचं सर्किट, म्हणजे फिरायला नेमून दिलेला टापू, पाहा. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत सर्किटला बरेचदा नदीचं नाव असे. १७८३ साली जेरेमाया लॅम्बर्ट हा प्रचारक होल्स्टन सर्किटवर नेमला गेला. ते गाव समजून शोधत बसाल तर फसाल, ते अख्खं नदीखोरं आहे.

मग उंचीरेषांच्या नकाशावर खिंडी आणि नदीचे उतार जोडा. आजचा महामार्ग मुळीच गिरवू नका. फेरी साधारण चार ते सहा आठवड्यांची, म्हणून रेघ निघाल्या जागी परत यायला हवी.

प्रवचनं बहुधा वसाहतकऱ्यांच्या लाकडी घरांत होत, तेव्हा घरमालकाच्या जमिनीचे कागद काढा. होल्स्टनचा काही भाग ज्यात येतो ते टेनेसी राज्य झालं १७९६मध्ये; आधी तो मुलूख नॉर्थ कॅरोलायनाचा होता. म्हणून राज्य होण्याआधीचे बरेचसे दस्त नॉर्थ कॅरोलायनाच्या दप्तरात सापडतात.