सोयाबीन पेरणीची तयारी: आधी शंभर दाणे मोजा

वखरणी, तिफणीची दुरुस्ती, खताची सोय यांबद्दल कुणाला सांगावं लागत नाही. गेल्या खेपेला हे सगळं झालं होतं. उगवणशक्तीची चाचणी तेवढी राहिली आणि दुबार पेरणी गळ्यात पडली. म्हणून मे संपायच्या आत पहिलं काम तेच. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ बी काढून एकत्र करा आणि न निवडता १०० दाणे मोजा. टपोरे वेचून घेतलेत तर चाचणीच खोटी. वर्तमानपत्राची चौपदरी घडी ओली करून त्यावर १० दाणे ओळीत ठेवा, गुंडाळा. अशा दहा गुंडाळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सावलीत ठेवा, चार दिवसांनी उघडा. फक्त निरोगी कोंब मोजायचे, वाकडे-सडके नाहीत. ७० आले तर एकरी ३० किलो बी, ६० आले तर ३५ किलो. त्याहून कमी आले तर बियाणं बदला. बदलायला वेळ हवा म्हणूनच चाचणी मे महिन्यात, पेरणीच्या आदल्या दिवशी नव्हे.

विकतच्या पिशवीचीही हीच चाचणी करा. लेबल, पावती आणि थोडं बी जपून ठेवा, तक्रारीला लागतं. सोयाबीनची साल पातळ असते, पोतं आपटलं की आतला अंकुर दुखावतो. लांबून आणलेलं बी आणल्यावर तपासा.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, रायझोबियम (पिकाला नत्र मिळवून देणारे जिवाणू). क्रम उलटला तर जिवाणू मरतात. चोळताना हात हलका, पाणी अगदी थोडं.

७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका. दोन ओळींत ४५ सेंमी, खोली ३ ते ४ सेंमी. खोल गेलं तर चाचणीत उगवलेलं बीही वर येत नाही. खत एकरी ३ पोती सिंगल सुपर फॉस्फेट (गंधकही त्यातूनच मिळतं), २६ किलो युरिया, २० किलो पोटॅश, सगळं पेरणीसोबत. नंतर युरिया फेकू नका, नुसती पानं वाढतात.

डवरणी (ओळींमधली कोळपणी) १५ ते २० आणि ३० ते ३५ दिवसांनी, फुलोऱ्यात नाही. देठावर किंवा खोडावर चक्रभुंग्याची (आतून पोखरणाऱ्या किडीची) गोल खाप दिसली की तो भाग खालून तोडून नष्ट करा. शेंगा भरताना पाऊस ओढला तर पाणी द्या.

विक्रीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत. बियाण्याची मळणी यंत्राच्या मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवर, पोत्यांची थप्पी सात फुटांहून उंच नको.