प्रो टीमची सायकल कशी ओळखायची, नुसतं फ्रेमवरचं नाव वाचून नाही

टूर द फ्रान्स, जिरो (इटलीची) वगैरे सायकल शर्यती बघायला लागलं की डाउनट्यूबवरचं (फ्रेमची खालची तिरपी नळी) मोठं नाव सगळेच वाचतात आणि पोगाचार या रायडरची कोलनागो, विंगेगार्डची सर्व्हेलो एवढ्यावर विषय संपतो. पण ते नाव फक्त फ्रेमचं असतं. गिअर एका कंपनीचे, चाकं दुसऱ्या, टायर तिसऱ्या, सॅडल चौथ्या, आणि प्रत्येकाचा टीमशी वेगळा करार. म्हणून सायकल ओळखायची म्हणजे हे करार ओळखायचे, आणि मग रायडर करार सोडून काय वापरतोय तेही शोधायचं. खरी मजा त्यातच आहे.

फ्रेमपासूनच सुरुवात करा पण नाव न वाचता, कारण पेलोटॉनमध्ये (रायडरांच्या मोठ्या घोळक्यात) नाव दिसतच नाही, आकार दिसतो. सर्व्हेलो एस५ चा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा भाग) समोरून इंग्रजी व्ही सारखा दुभागलेला असतो, एकदा बघितला की परत चुकत नाही. ट्रेक मॅडोनला सॅडलच्या खाली, टॉपट्यूब (वरची आडवी नळी) जिथे येऊन मिळते तिथे आरपार भोक असतं. पिनारेलो डोग्माचा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) लहरीसारखा वळलेला आणि फ्रेम डावी-उजवीकडे एकसारखी नसते कारण चेनमुळे उजव्या बाजूला जास्त जोर येतो. स्पेशलाइज्ड टार्मॅक एसएल८ चं हेडट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी) पुढे नाकासारखं आलेलं असतं. आणि कोलनागोवर किलवरचं चिन्ह, पत्त्यातलं. १९७२ ला मेक्सिको सिटीत एडी मर्क्स या रायडरने तासाचा विक्रम (एका तासात सगळ्यात जास्त अंतर) केला ती सायकल पण कोलनागोनेच बनवलेली.

आधी टीमकडे डोंगरासाठी हलकी आणि सपाट रस्त्यासाठी एअरो (हवा कापणारी) अशा दोन वेगळ्या सायकली असायच्या. यूसीआयचा (सायकलिंगची जागतिक संघटना) नियम आहे की सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, २००० सालापासून. आता एअरो फ्रेम पण त्या वजनाच्या आसपास येतात त्यामुळे पुष्कळ जण घाटात पण एअरोच काढतात, आणि ट्रेकने तर २०२४ ला हलकी एमोंडा बंद करून नव्या मॅडोनमध्येच तिला सामावून घेतलं. तेव्हा घाट आहे म्हणजे हलकी फ्रेमच असणार असं धरून चालू नका.

आता ग्रुपसेट, म्हणजे गिअर, ब्रेक, चेन यांचा संच. इथे जास्त वेळ द्या कारण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. फ्रेम एक असली तरी ग्रुपसेट एक नसतो. २०२५ च्या सीझनमध्ये सुडाल क्विक-स्टेप आणि रेड बुल बोरा या दोन्ही टीम स्पेशलाइज्डवर होत्या, पण पहिल्यांकडे शिमॅनो, दुसऱ्यांकडे श्रॅम. कॅन्यनचं पण तसंच, अल्पेसिन शिमॅनोवर आणि मोव्हिस्टार श्रॅमवर. ओळखायचं कसं तर मागच्या डिरेलरकडे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) बघा. श्रॅम रेडमध्ये डिरेलरलाच मागे छोटी चौकोनी बॅटरी लावलेली असते, वायर कुठेच नाही, पुढच्या डिरेलरला पण स्वतःची बॅटरी. शिमॅनो ड्युरा-एसमध्ये (२०२१ चं १२ स्पीडवालं) हँडलवरचे शिफ्टर वायरलेस आहेत पण बॅटरी फ्रेमच्या आत असते आणि तिथून वायर डिरेलरला जाते, म्हणून मागच्या चाकाजवळ फ्रेममधून बाहेर आलेला छोटा वायरचा तुकडा दिसला की समजायचं शिमॅनो.

कॅसेटवरून (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) पण कळतं, जवळून फोटो मिळाला तर. श्रॅमची सगळ्यात छोटी चकती १० दातांची, शिमॅनोची ११ ची, आणि म्हणूनच दोघांच्या पुढच्या चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकत्या) दातांचे आकडे थेट एकमेकांशी तुलना करू नका. ५४-४० दिसलं तर ड्युरा-एस, ५४-४१ दिसलं तर श्रॅम.

कँपान्योलो मात्र आता शोधावा लागतो. विचेंझाची ही कंपनी १९३३ पासूनची, एकेकाळी पेलोटॉनमध्ये जिकडे बघाल तिकडे तीच, आणि २०२४ ला वर्ल्डटूरच्या (सगळ्यात वरच्या श्रेणीच्या) एकाही टीमकडे तिचा ग्रुपसेट नव्हता. २०२५ ला कोफिडिस टीमने लुक कंपनीच्या फ्रेमवर परत आणला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पुढे एकच चेनरिंग दिसली तर पुढचा डिरेलर आहे का तेही बघा. नसेल तर वन-बाय. २०२३ च्या जिरोमध्ये मोंते लुस्सारीच्या चढाच्या टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा) रोग्लिच या रायडरने असंच केलेलं, पुढे एकच रिंग आणि मागे ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या) सायकलीची मोठी कॅसेट, वाटेत चेन पडली, लोकांनी धक्का दिला, तरी त्याने स्टेज जिंकली आणि जिरो १४ सेकंदांनी घेतला. असा रस्ता असला की त्या दिवशीचे गिअर मुद्दाम बघत जा.

चाकांचं नाव रिमवर मोठं लिहिलेलं असतं, ते सोपं आहे, फक्त लक्षात ठेवा की रोव्हाल म्हणजे स्पेशलाइज्डचीच, केडेक्स म्हणजे जायंटचीच आणि बॉन्ट्रेगर ट्रेकची. टायर हल्ली ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) आणि २८ किंवा ३० मिलिमीटर, रुंदी साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) छापलेली असते.

आणि आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ज्या पार्टवर नाव नाही तो पार्ट जास्त वेळ बघा. काळ्या मार्करने किंवा टेपने नाव झाकलेलं असेल तर बहुतेक वेळा तो पार्ट स्पॉन्सरचा नसतो, रायडरने स्वतः हट्टाने लावून घेतलेला असतो. सॅडल आणि पेडल यात हे जास्त दिसतं कारण वर्षानुवर्षं एकाच सॅडलवर बसलेल्या माणसाला नवीन करार झाला म्हणून दुसऱ्यावर बसवणं सोपं नाही, गुडघा कंबर दुखायला लागते. हलकी चाकं पण अशीच गुपचूप येतात, खास घाटाच्या दिवशी.

पूर्ण फ्रेमच बिननावाची किंवा वेगळ्याच रंगात दिसली तर ती बहुतेक अजून बाजारात न आलेली नवीन फ्रेम. २०११ पासून नवीन फ्रेमला यूसीआयची मंजुरी लागते, फ्रेमवर छोटा यूसीआय शिक्का असतो, आणि मंजूर मॉडेलची यादी यूसीआय स्वतः जाहीर करते. ती यादी उघडून कंपनीच्या नावाखाली नवीन नाव आलंय का बघा, कित्येकदा लाँचच्या आधी तिथेच सापडतं.

सराव करायचा तर स्टेज सुरू व्हायच्या आधी टीम बसच्या बाजूला मेकॅनिक सायकली उभ्या करतात ते शॉट थांबवून बघा, तिथे सायकल हलत नाही आणि चेनची बाजू बहुतेक वेळा कॅमेऱ्याकडेच असते. दरवर्षी जानेवारीत मात्र यादी नव्याने करावी लागते कारण बरेचसे करार तेव्हाच बदलतात.