रोममध्ये शिकायला आलात? आधी ओस्तिया पाहा, मग फोरम

रोमला शिकायला आलेला विद्यार्थी बहुधा पहिल्याच शनिवारी कोलोसियम आणि फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, उरकतो. बाहेर पडताना त्याच्या डोक्यात नुसते सुटे खांब उरतात. यात त्याचा दोष नाही. फोरमवर हजाराहून जास्त वर्षांची बांधकामं एकमेकांवर रचली गेली आणि पुढे त्यातला संगमरवर उपसून चुन्याच्या भट्ट्यांत जाळला गेला. जे उरलं ते सवय नसलेल्या डोळ्याला वाचता येत नाही. तुमच्या हाताशी महिने आहेत, तेव्हा क्रम उलटा ठेवा. आधी ओस्तिया आंतिका दोन-तीनदा पाहा आणि भिंत वाचायला तिथे शिका. फोरम त्यानंतर.

ओस्तिया हे तिबेर नदीच्या मुखावरचं रोमचं बंदर. राजवाडे इथे जवळपास नाहीतच. गोदामं, दुकानं, भाडेकरूंच्या बहुमजली चाळी, न्हाणीघरं आणि धोबीखाने यांचं हे गाव. नेपल्सजवळच्या पाँपेईसारखं ते ज्वालामुखीने गाडलं नाही. बंदर गाळाने भरलं, व्यापार आटला, माणसं निघून गेली. १५५७ च्या पुरात नदीनेही पात्र बदललं. समुद्र आता तिथून तीनेक किलोमीटर दूर आहे.

जायचं कसं

मेट्रोच्या बी मार्गावर पिरामिदे स्थानकात उतरा. त्याला लागूनच पोर्ता सान पाओलो स्थानक आहे आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या लिदोकडे जाणारी गाडी तिथून सुटते. शहरातल्या बस-मेट्रोचंच तिकीट किंवा मासिक पास या गाडीला चालतो. अर्ध्या तासाने ‘ओस्तिया आंतिका’ येतं, तिथेच उतरा. नावात ओस्तिया किंवा लिदो असलेली पुढची स्थानकं समुद्रकिनाऱ्याच्या आधुनिक वस्तीची आहेत आणि नवखे नेमके तिथे जाऊन पोचतात. स्थानकाबाहेरचा पादचारी पूल ओलांडून सरळ चालत राहिलं की दहा मिनिटांत प्रवेशद्वार लागतं.

परतीचं तिकीट निघतानाच घेऊन ठेवा, म्हणजे छोट्या स्थानकावर यंत्र बंद असलं तरी अडत नाही. शहरातल्या बसमध्ये कागदी तिकीट चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्यावं लागतं. न छापलेलं तिकीट खिशात असलं तरी तपासनीस दंड लावतो आणि तो ५० युरोंच्या वर जातो.

निघण्याच्या आदल्या दिवशी संप आहे का ते बघा. इटलीत वाहतुकीचा संप आधी जाहीर होतो, बरेचदा शुक्रवारी असतो. रोममध्ये संपाच्या दिवशीही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ गाड्या चालवणं बंधनकारक असतं, पण तेवढ्या भरवशावर ओस्तियाला जाऊ नका. परतीला अडकाल.

ओस्तिया आंतिका सोमवारी बंद असतं. बाकी दिवशी साडेआठला उघडतं. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी मिळतो. पूर्ण तिकीट १८ युरोंच्या आसपास आहे. १८ ते २५ वयासाठीचं २ युरोंचं तिकीट युरोपीय संघाच्या नागरिकांना मिळतं. इथल्या विद्यापीठाचं ओळखपत्र असलं तरी भारतीय पासपोर्टवर ते मिळत नाही. आपल्यासाठी खरी सोय महिन्याच्या पहिल्या रविवारची, कारण त्या दिवशी सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वस्थळं सगळ्यांना मोफत असतात. कोलोसियमला त्या दिवशी भयंकर रांग लागते. ओस्तियात तेव्हाही एकटं फिरता येतं.

मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे उत्तम महिने. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांवर जातो आणि मुख्य रस्त्यावर सावली नसते. हिवाळ्यात काही मोझेक (दगडाचे बारीक तुकडे जोडून केलेली फरशीवरची चित्रं) जपणुकीसाठी झाकून ठेवतात, म्हणून मोझेकांसाठी जायचं तर थंडी सरू द्या. जाड तळाचे बूट घाला. रस्ता बेसाल्टच्या मोठ्या ओबडधोबड चिऱ्यांचा आहे, पातळ चपलेत दोन तासांत तळवे बोलायला लागतात. डासांचं मलम आणि डबा सोबत ठेवा. डब्याची सामग्री रोममध्ये पियात्सा व्हित्तोरियोजवळच्या एस्क्विलिनो बाजारात मिळते. तिथे डाळी, मसाले, हिरव्या मिरच्या, भेंडी, सगळं असतं.

भिंत आणि उंबरठा

एका दिवसात सगळं पाहायचा हट्ट सोडा. मुख्य रस्ताच एक किलोमीटरहून लांब आहे. पहिल्या खेपेला पोर्ता रोमाना (रोमकडची वेस) ते नाट्यगृह, दुसऱ्या खेपेला ओस्तियाचा स्वतःचा फोरम आणि आसपास, तिसऱ्या खेपेला समुद्राकडचा भाग, अशी वाटणी करा. शहराचे पाच विभाग पाडलेत आणि प्रत्येक इमारतीला विभाग, इमारतींचा ठोकळा आणि इमारत असा तीन भागांचा क्रमांक आहे. फोटोबरोबर तो क्रमांक वहीत टिपा. न टिपल्यास घरी आल्यावर विटांच्या दोनशे भिंती सारख्याच दिसतात.

भिंतीपाशी आधी तिचा दर्शनी भाग बघा. लहान चौकोनी दगड तिरके बसवून मासेमारीच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली, तर ती साधारण इ. स. पू. पहिल्या ते इ. स. पहिल्या शतकातली. सलग भाजक्या विटांची असेल तर त्यानंतरची. ओस्तियात दिसणाऱ्या बहुतेक विटा दुसऱ्या शतकातल्या आहेत. विटा फक्त बाहेरची कातडी आहेत. आत चुना, ज्वालामुखीची माती आणि दगडगोटे यांचं काँक्रीट भरलेलं असतं. भिंत जिथे तुटली आहे तिथे हे उघड दिसतं. काही विटांवर गोल शिक्का असतो. इ. स. १२३ च्या शिक्क्यांवर त्या वर्षीच्या कॉन्सलांची, म्हणजे दरवर्षी बदलणाऱ्या रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं असल्याने इमारतीचा काळ काढता येतो.

इथे एक सावधगिरी हवी. १९४२ च्या नियोजित जागतिक प्रदर्शनासाठी १९३८ पासून इथे प्रचंड वेगाने खोदकाम झालं. युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही. मात्र त्या घाईत वरचे, उत्तरकाळातले थर पुरेशा नोंदींशिवाय उपसले गेले आणि पुष्कळ भिंती नव्याने चढवल्या गेल्या. त्यामुळे भिंतीचा वरचा भाग फार नीटस वाटला तर त्यावरून काळ ठरवू नका. पायाकडे बघा.

उंबरठे भिंतींपेक्षाही बोलके आहेत. रुंद उंबरठ्यात लांब सरळ खोबण आणि एका टोकाला दार फिरण्याचा खड्डा दिसला, तर ते दुकान. रात्री त्या खोबणीत फळ्या सरकवत, आपल्या जुन्या पेठांत लावायच्या तशाच, आणि शेवटी एक लहान दार बंद करत. दोन्ही टोकांना खड्डे असतील तर दोन झडपांचं घराचं दार. आपल्या वाड्यांची जुनी दारंही बिजागरीऐवजी अशाच खड्ड्यांत फिरत. रस्त्यावरून थेट वर जाणारा जिना म्हणजे वरच्या मजल्यावर वेगळे भाडेकरू. हे तीन प्रकार ओळखता आले की रिकाम्या चौकटींची ओळ एकदम बाजारपेठ दिसायला लागते.

पहिल्या खेपेला जास्तीत जास्त वेळ नाट्यगृहामागच्या चौकाला द्या. तिन्ही बाजूंना छोट्या गाळ्यांसारख्या खोल्या आहेत आणि त्यांच्यापुढे काळ्या-पांढऱ्या मोझेकमध्ये जहाजवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पाट्या. गलबतं, दीपगृह, धान्य मोजायचं माप. हत्ती असलेली पाटी आजच्या लिबियातल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांची. लॅटिन येत नसलं तरी वाचून बघा. फक्त यू हे अक्षर व्हीसारखं काढतात एवढं ध्यानात असू द्या. पुढच्या खेपेला इथल्या फोरमजवळचं खाद्यपदार्थांचं दुकान पाहा, संगमरवरी ओटा आणि भिंतीवर रंगवलेले पदार्थ अजून शाबूत आहेत. तिसऱ्या खेपेला पोर्ता मारिना या समुद्राकडच्या वेशीबाहेरचं सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, चुकवू नका. १९६१ मध्ये विमानतळाचा रस्ता बांधताना ते सापडलं.

खापराचा तुकडाही उचलू नका. तो गुन्हा आहे, शिवाय जागेवरून हललेलं खापर काहीच सांगत नाही.

मग शहर

आता पिरामिदेलाच परत या आणि तिथून पायी फिरा. स्थानकासमोर केस्तिउसचा पिरॅमिड, म्हणजे त्या नावाच्या रोमनाचं थडगं, इ. स. पू. पहिल्या शतकातलं. जवळच तेस्ताच्चो टेकडी, जी निव्वळ फुटक्या तेलाच्या रांजणांची आहे. ओस्तियातली गोदामं पाहिली असतील तर ही टेकडी कुठून आली ते सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सान क्लेमेन्ते चर्च पाहा. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, त्याच्याही खाली मिथ्रा या देवाचं मंदिर. शहराची जमीन किती वर आली आहे ते त्या पायऱ्यांवर कळतं.

रोमचा फोरम आणि कोलोसियम त्यानंतर, आणि एकाच तिकिटावर. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरच काढा. त्यावर नाव असतं आणि प्रवेशाला ओळखपत्र लागतं, तेव्हा पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा. रस्तोरस्ती लोखंडी नळांतून पिण्याचं पाणी अखंड वाहत असतं. तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं, बाटली विकत घ्यायची गरज नाही.

एक शनिवार-रविवार नेपल्ससाठी राखून ठेवा. तिथलं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. त्याच्या ‘गुप्त दालना’त पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, जेमतेम वीतभर उंचीची. पाँपेई इ. स. ७९ मध्ये गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोचली होती. तिच्याशी जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये सापडली आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयाच्या संग्रहात आहे. नेपल्सच्या मूर्तीचे दागिने आणि केसांची ठेवण वहीत रेखाटून घ्या, आणि सुट्टीत घरी आलात की ती वही घेऊन तेरला जा.