पालक-ब्लॉगर चिडले, तर पहिला फोन कुणाला लावायचा

बॉक्समध्ये एक मऊ चादर होती, लाकडी खुळखुळा होता आणि हाताने लिहिल्यासारखं छापलेलं एक कार्ड होतं: ‘बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला आमच्याकडून.’ ज्या बाईंच्या दारात तो बॉक्स पोचला, त्यांनी त्यांचं बाळ सातव्या महिन्यात, पोटात असतानाच गमावलं होतं. त्यानंतर आपल्या ब्लॉगवर त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती. आमच्या यादीत मात्र त्यांची अपेक्षित तारीख तशीच होती, आणि त्या तारखेत एक वर्ष मिळवून कुरिअर निघालं होतं.

त्यांनी कार्डाचा फोटो टाकला. खाली एकच वाक्य: ‘माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला?’

तो बॉक्स पाठवणाऱ्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात मी तेव्हा होते. चाळीस मिनिटांत आमच्या पेजवरून उत्तर गेलं: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया आपला ऑर्डर क्रमांक मेसेज करा.’ साच्यातलं उत्तर होतं ते, आणि ते पाठवायला मीच हो म्हटलं होतं. रात्रभरात त्या उत्तराचा स्क्रीनशॉट मूळ फोटोपेक्षा जास्त फिरला. सकाळी मला दिसलं ते आणखी वाईट होतं. आमचाच बॉक्स उघडतानाचे व्हिडिओ आदल्या आठवड्यात ज्यांनी हौसेने टाकले होते, त्या तीसेक आयांना आणि बाबांना लोक विचारत होते, ‘किती पैसे घेतलेत?’ चूक आमची होती, बोलणी ते खात होते, आणि आम्ही मीटिंगमध्ये बसलो होतो.

हे लिहिते आहे ते त्या सकाळीमुळे. पुढे अशा प्रसंगांत मी बऱ्याच कंपन्यांसोबत काम केलं. जे शिकले ते अशा कुणासाठी, ज्याच्यावर उद्या ही वेळ येईल.

संताप नेमका कशाचा असतो

२००९ मध्ये नेस्लेने अमेरिकेत वीसेक पालक-ब्लॉगरांना, म्हणजे मूल वाढवण्याबद्दल ब्लॉग लिहिणाऱ्या आईबापांना, कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलच्या मुख्यालयात बोलावलं. कार्यक्रमासाठी ‘नेस्ले फॅमिली’ हा हॅशटॅग ठरवला. बघता बघता तो हॅशटॅग टीकाकारांनी ताब्यात घेतला, कारण बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या विक्रीवरून या कंपनीवर १९७७ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, बहिष्काराची मोहीम चालू होती. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातीला लगाम घालणारी जागतिक आरोग्य संघटनेची संहितासुद्धा १९८१ ची. म्हणजे प्रश्न जुना होता, सगळ्यांना ठाऊक होता. तरी त्याचा मारा सोसावा लागला तो तिथे पाहुण्या म्हणून आलेल्या आयांना. कंपनीच्या तीस वर्षांच्या इतिहासाची उत्तरं त्यांनी कुठून द्यायची?

म्हणून निमंत्रण पाठवण्याआधी एका कागदावर लिहून काढा: आपल्या कंपनीबद्दल सगळ्यात कडू प्रश्न कोणते? जुने खटले, परत मागवलेला माल, एखादी वादग्रस्त जाहिरात, सगळं. प्रत्येकासमोर दोन ओळींचं खरं उत्तर आणि ते देणाऱ्या माणसाचं नाव. हा कागद ब्लॉगरना निमंत्रणासोबतच द्या. ‘तुम्ही आलात तर लोक तुम्हाला हे विचारतील, त्याचं उत्तर आम्ही देऊ, तुम्ही देण्याची गरज नाही.’ काहीजण येणार नाहीत. जे येतील ते डोळे उघडे ठेवून येतील.

लपवाछपवीचं तर नावच नको. २०११ मध्ये कोनॅग्रा या खाद्यपदार्थांच्या कंपनीने न्यू यॉर्कमध्ये ब्लॉगरना एका खास रेस्टॉरंटच्या जेवणाचं निमंत्रण दिलं. ताटात आला तो कंपनीचाच फ्रोझन लझान्या, म्हणजे गोठवून विकला जाणारा पास्त्याचा पदार्थ, आणि पाहुण्यांचे चेहरे टिपायला छुपे कॅमेरे लावलेले. लोक खूश होतील असा हिशेब होता. ज्यांनी आपल्या वाचकांना ताज्या, घरच्या अन्नाबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं होतं, त्यांना त्यांच्याच वाचकांसमोर फसवल्यासारखं झालं. कंपनीला माफी मागावी लागली, उरलेलं जेवण रद्द करावं लागलं, चित्रीकरण वापरणार नाही असं सांगावं लागलं. ब्लॉगरची सगळी पुंजी म्हणजे वाचकाचा विश्वास. तिला हात लावलात तर भरपाई कितीही द्या, पुरत नाही.

पैसे किंवा वस्तू दिल्या असतील तर ते पोस्टच्या सुरुवातीलाच लिहिलं गेलं पाहिजे, ही अट तुमच्या पत्रातच घाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, १ डिसेंबर २००९ पासून ब्लॉगरनाही हे लागू होतं असं स्पष्ट केलं, आणि इतर अनेक देशांत आता असे नियम आहेत. पत्रात आणखी एक ओळ घाला: ‘आवडलं नाही तर तसं लिहा, मानधन तेवढंच मिळेल.’ वाद पेटल्यावर या एका ओळीने ब्लॉगरची बाजू जेवढी राखली जाते, तेवढी दुसऱ्या कशानेच राखली जात नाही, हे मी पाहिलंय.

पहिले काही तास

सगळ्यात आधी, पुढच्या वेळेसाठी लावून ठेवलेल्या पोस्ट थांबवा. पेजच्या, जाहिरातींच्या, एजन्सीकडच्या आणि ब्लॉगरकडच्याही. लोक चिडलेले असताना वर हसऱ्या बाळाची सवलतीची जाहिरात आली, की तुम्ही ऐकतच नाही आहात असा अर्थ निघतो.

मग फोन. पहिला फोन ज्याला दुखावलं गेलंय त्याला, दुसरा लगेच तुम्ही बोलावलेल्या ब्लॉगरना. तोही फोनच, सगळ्यांना एकच मेल नको. त्यांना तीन गोष्टी सांगा: काय घडलं, आम्ही जाहीरपणे काय बोलणार आहोत आणि किती वाजता, आणि तुम्हाला पोस्ट काढायची असेल तर आत्ता काढा, ठरलेले पैसे पूर्ण मिळतील. त्यांना तुमची बाजू घ्यायला सांगू नका. ‘जरा दोन चांगले शब्द लिहाल का?’ हा मेसेज मी एका एजन्सीला पाठवताना पाहिलाय. दहा मिनिटांत तो जगजाहीर झाला होता.

त्या मधल्या वेळात कुणीतरी शांत बसून कमेंट वाचायच्या. सॉफ्टवेअरचा नकारात्मक-सकारात्मक आलेख इथे कामाचा नाही. दोनशे कमेंट हाताने वाचा आणि चार ढीग करा: ज्यांना खरंच लागलंय, ज्यांना माहिती हवी आहे, ज्यांची जुनी तक्रार आज वर आली आहे आणि ज्यांना फक्त गोंधळ हवाय. मी प्रत्येक वेळी पाहिलंय, चौथा ढीग वाटतो त्यापेक्षा फार लहान निघतो. तिसरा मोठा निघतो, आणि त्या तक्रारी आधी ग्राहक सेवेकडे येऊन पडलेल्या असतात.

कमेंट पुसू नका. अपवाद दोनच: शिवीगाळ, आणि कुणाच्या मुलाचा फोटो किंवा पत्ता उघड करणारा मजकूर. काय पुसणार आणि का, ते पेजवर वर लिहून ठेवा.

पहिल्या तासाभरात एक छोटी पोस्ट जाऊ द्या. सगळं कळेपर्यंत थांबू नका आणि कळलेलं नसताना कारणंही देऊ नका. ‘आम्ही पाहिलं. आमची चूक झाली आहे. संबंधित कुटुंबाशी बोलतो आहोत. संध्याकाळी सहाला इथेच पुढचं सांगू.’ मग सहाला सांगा, सांगण्यासारखं फारसं नसलं तरी. शनिवार-रविवार असला तरी. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मोट्रिन या वेदनाशामकाच्या जाहिरातीवरून आया भडकल्या. बाळाला अंगाशी बांधून फिरवणं ही फॅशन असल्यासारखं त्यात म्हटलं होतं. भडका उडाला तो शनिवार-रविवारी. कंपनीने जाहिरात काढली, माफीही मागितली, पण तोवर ट्विटरवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आईबाप मुलं झोपल्यावर आणि सुट्टीला लिहितात, त्यामुळे तुमचं ड्युटीचं वेळापत्रक त्यांच्या घड्याळावर लावा.

माफीचं वाक्य

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ यातलं ‘असल्यास’ काढा. दुखावल्या आहेत, म्हणून तर तुम्ही लिहिताय. ‘गैरसोय’ हा शब्द काढा. ‘आमचा हेतू तसा नव्हता’ हे खरं असेल, तरी पहिल्या परिच्छेदात नको. कर्ता लिहा: ‘चूक झाली’ यापेक्षा ‘आम्ही जुनी यादी न तपासता वापरली’. खाली माणसाचं नाव आणि हुद्दा असू द्या, ‘टीम अमुक’ नको.

आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी सूर सांभाळा. २०१० मध्ये पॅम्पर्सच्या ड्राय मॅक्स डायपरमुळे बाळांना पुरळ येतं अशी तक्रार हजारो पालकांनी फेसबुकवर केली. कंपनीने सुरुवातीला त्याला मोजक्या पालकांनी पसरवलेल्या अफवा म्हटलं. पुढे सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला आणि कॅनडाच्या आरोग्य खात्याला तपासात डायपर आणि पुरळ यांचा संबंध आढळला नाही. पण ज्या आईच्या मांडीवर त्या क्षणी रडणारं, लालबुंद झालेलं बाळ आहे, तिला ‘अफवा’ म्हटल्यावर ती तुमचा अहवाल कशाला वाचेल? आधी बाळाची चौकशी करा, डॉक्टरांना दाखवलं का विचारा, पाकिटावरचा बॅच क्रमांक मागा, मग तपासाचं बोला.

उलट उदाहरण हगीज या डायपरच्या ब्रँडचं. २०१२ मध्ये त्यांच्या जाहिरातीत बाप म्हणजे बाळ सांभाळता न येणारा माणूस, असं चित्र उभं राहिलं. घरी राहून मुलं वाढवणाऱ्या एका वडिलांनी ऑनलाइन याचिका सुरू केली, हजारावर सह्या झाल्या. कंपनीने जाहिराती बदलल्या आणि त्याच दिवसांत अमेरिकेतल्या ऑस्टिनला वडील-ब्लॉगरांचं संमेलन होतं, तिथे आपली माणसं पाठवली, समोर बसून ऐकून घ्यायला. याचिका मागे घेतली गेली. समोर जाऊन बसायला हिंमत लागते, आणि आपल्या खात्याच्या लोकांनी ती दाखवावी असं मला मनापासून वाटतं.

आमच्या त्या बाईंचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एक मेसेज केला: ‘मी अमुक. ते कार्ड आणि ते उत्तर, दोन्हींना मी होकार दिला होता. तुमचा पत्ता आम्हाला एका जुन्या कार्यक्रमाच्या नोंदणीतून मिळाला होता. तो आज सगळीकडून पुसला आहे. तुम्ही उत्तर द्यावं अशी अपेक्षा नाही.’ सोबत काही भेट नाही, कूपन नाही, ‘हे तुमच्या पेजवर सांगाल का’ असंही नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं दिलं, कारण त्यांनी तेवढंच विचारलं होतं. चार दिवसांनी त्यांनी लिहिलं, ‘मिळालं. यादीतल्या बाकीच्यांना विचारा.’

विचारलं. सहाशेच्या वर नावं होती, आम्ही पाचजणांनी तीन आठवडे फोन आणि मेल केले. बऱ्याच जणांनी नाव काढायला सांगितलं, काहींचा पत्ता बदलला होता, आणि आणखी दोन घरं तशी निघाली, जिथे तो बॉक्स जायला अजून काही आठवडे होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक यादीत नावाशेजारी एक रकाना असतो, ‘शेवटचं कधी विचारलं’. तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर पार्सल निघत नाही.